चौकटीखाली राहिलेले हात

पडद्यावर मी आहे आणि मला हात नाहीत.

बाकी सगळं आहे. गळा आहे, हनुवटी आहे, दारापेक्षा मोठं तोंड आहे, नाकाशेजारचा तीळ बशीएवढा झाला आहे. डोळ्यांतून पाणी येतं आहे. खांदे हलताहेत, दंडांची वरची टोकं हलताहेत, टबात वाकून कुणी चादरी घासत असावं तशी. पण हात नाहीत. शूटिंगच्या त्या गोठलेल्या गोदामात ज्या हातांनी मी सगळं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं, ते हात पडद्याच्या खालच्या काठाच्याही खाली, मंचाच्या लाकडात कुठेतरी, नसलेल्या जागेत बोलताहेत. आणि त्यांच्या जागी पांढरी अक्षरं आली आहेत: 'माझं त्याच्यावर प्रेम होतं. आता माझ्या आत फक्त शांतता आहे.'

शांतता! हा शब्द मी जन्मात वापरलेला नाही. शांतता ऐकू येणाऱ्यांना लागते, त्यांच्याकडे आवाज असतो म्हणून. मला काय करायची आहे ती? माझ्या आत त्या दिवशी एक जिना होता, एक खिडकी होती, बर्फ होतं आणि दोन हात होते, आणि मी ते एकेक करून हवेत मांडले होते, बाजारात बटाटे मांडावेत तसे, मोजून घ्या म्हणून. मांडता मांडता मला घाम आला होता. आणि हा माणूस, हा वादिम अर्कादिच, जो आत्ता पहिल्या रांगेत स्वतःच्या सिनेमाकडे मान तिरकी करून बघतो आहे, त्यानं त्यावर शांतता लिहून ठेवली.

क्लबच्या हॉलमध्ये आज उभं राहायला जागा नाही. कोट ठेवायच्या खोलीतले बिल्ले संपले म्हणून लोक कोट मांडीवर घेऊन बसले आहेत, हॉलला ओल्या लोकरीचा आणि सूर्यफुलाच्या बियांचा वास आहे. सगळे आमचे. पीटर्सबर्गमधले अर्धे बहिरे इथे असतील, उरलेले अर्धे आले नाहीत कारण त्यांचं इथल्यांशी पटत नाही. सिनेमा आमच्यावर आहे, म्हणजे बहिऱ्या गुंडांच्या टोळीवर. नायिकेला ऐकू येतं. नायकाला ऐकू येतं, पण तो बहिरा असल्याचं दाखवतो. टोळीचा मुख्य राजधानीतला एक मोठा नट आहे, तो आमची भाषा गरम बटाटा तोंडात धरून बोलावं तशी हातांनी बोलतो, आणि तो धमकी द्यायला लागला की अख्खा हॉल खो खो हसतो. आमचं हसणं मोठं असतं म्हणतात. वादिम अर्कादिच प्रत्येक वेळी मागे वळून आनंदानं बघतो. त्याला वाटतं, आवडलं.

आणखी एक गंमत आहे. सिनेमात आम्ही हातांनी बोललो की खाली अक्षरं येतात, ऐकणाऱ्यांना कळावं म्हणून. ऐकणारे तोंडानं बोलतात तेव्हा खाली काहीच येत नाही. आम्हांला कळायला हवं हे कुणाला सुचलंच नाही. म्हणून इन्ना पडद्याच्या कडेला स्टुलावर उभी आहे, छोट्या दिव्याखाली, आणि ते सगळं हातांनी सांगते आहे. इन्नाला ऐकू येतं, तिचे आईबाप आमच्यातले. लहानपणी ती याच हॉलच्या खुर्च्यांखालून रांगली. गोळ्या झाडतात तेव्हा ती 'गोळ्या' म्हणते, बाजा वाजतो तेव्हा 'बाजा, दुःखाचा' म्हणते. पण माझं तोंड पडद्यावर आलं तेव्हा तिनं हात खाली घेतले. बहिरी बाई बोलते आहे, इथे तिचं काय काम.

म्हणजे माझं बोलणं इथे कुणीच सांगत नाही. ना मी, ना इन्ना.

पडद्यावरच्या माझ्या डाव्या डोळ्यातला थेंब निघाला. किती वेळ लावतो तो! त्याच्यासाठी जागा होती. हातांसाठी नव्हती.

पहिल्यांदा वादिम अर्कादिच आमच्याकडे आला तेव्हा आम्ही कारखान्याच्या हॉलमध्ये उशांचे अभ्रे शिवत होतो. तो गळ्यात मफलर गुंडाळून दारात उभा राहिला आणि पाहत राहिला, प्राणिसंग्रहालयात लोक जरा लाजून उभे राहतात तसा. मग इन्नाला म्हणाला, आणि इन्नानं आम्हांला सांगितलं: "म्हणतोय, तुमचे हात पाखरांसारखे आहेत." ताया माझ्या शेजारच्या मशीनवर असते. ती म्हणाली, "त्याला विचार, कुठलं पाखरू? कोंबडी चालेल?" इन्नानं ते त्याला सांगितलं नाही. तो हसला, कारण आम्ही हसलो. तेव्हापासून मला पाखरांचा राग आहे. मी या हातांनी काय काय केलं आहे! मांस कापलं आहे, बर्फ फोडलं आहे, सासूला कुशीवर वळवलं आहे, नवऱ्याला थप्पड मारली आहे आणि त्याच हातानं लगेच 'चुकलं' म्हटलं आहे. पाखरू म्हणे!

त्याला विधवा हवी होती. सिनेमातल्या टोळीत एकाला मारतात, त्याची बायको दीड मिनिट बोलते, असं होतं. नटीला ते जमेना. कुणीतरी माझ्याकडे बोट केलं असणार, हिचा नवरा खरोखरच तसा मारला गेला म्हणून. गोदामात मला खुर्चीवर बसवलं, तोंडावर दिवे सोडले. इन्ना मध्ये उभी होती.

"रिम्मा सेर्गेयेव्ना, संवाद पाठ करू नका," वादिम अर्कादिच म्हणाला. "तुमच्या नवऱ्याबद्दल बोला. मनात असेल ते."

"काहीही?"

"काहीही. खालची अक्षरं आम्ही बघून घेऊ. मला फक्त खरं हवंय."

मग त्यानं इन्नालाही बाहेर घालवलं. माझ्यावर कुणाची नजर नको, मला मोकळं वाटलं पाहिजे, म्हणून. मला वाटलं, आता. आता मध्ये कुणी नाही. माणूस मध्ये आला की बदलतो, यंत्र कशाला बदलेल? यंत्राला आमच्या अध्यक्षाकडून, गेर्मानकडून पगार थोडाच मिळतो? मी त्या काचेच्या डोळ्याकडे बघून सगळं सांगितलं, आणि सांगताना तो कॅमेरा रुळांवरून हळूहळू माझ्याकडे सरकत आला, आणि मला ते बरं वाटलं, देवाशपथ, मला वाटलं की त्याला नीट ऐकायचं आहे म्हणून तो जवळ येतो आहे. कॅमेरा जवळ आला की माणसाचं काय काय बाहेर पडतं, हे मला कोण सांगणार?

मी काय सांगितलं ते इथे लिहिते. अक्षरं मलाही येतात.

माझा नवरा वेन्या आणि गेर्मान एकाच वसतिशाळेत वाढले, एका पलंगाच्या वरखाली झोपले. गेर्मानला एका कानानं थोडं ऐकू येतं आणि तोंडानं नीट बोलता येतं. शाळेत मास्तरांसमोर आमच्या वतीनं तोच बोलायचा, नंतर दुकानात, दवाखान्यात, कचेरीत तोच. तो आमचं तोंड होता. देशाची सगळी मोडतोड झाली, कारखाने बंद पडले, तेव्हा या दोघांनी मिळून उपनगरी गाड्यांमध्ये आमची माणसं घातली. बाकांवर प्रत्येकाच्या मांडीवर किल्ल्यांची कडी नाहीतर कॅलेंडर ठेवायचं, सोबत 'मी बहिरा आहे' अशी चिठ्ठी, डबा पूर्ण करून परत यायचं, वस्तू उचलायच्या नाहीतर पैसे. जे मिळेल त्यातलं अर्धं गेर्मानकडे. वेन्या ते गोळा करायचा. मी काही त्याला संत म्हणत नाही. पण त्या हिवाळ्यात एका म्हातारीची बोटं गाडीच्या पायरीवर गोठली, दोन कापावी लागली, आणि बहिऱ्या माणसाची बोटं कापणं म्हणजे काय हे वेन्याला कळत होतं. तो म्हणाला, बायकांना सोडून दे, त्यांच्याकडून आता घेणार नाही. गेर्मान म्हणाला, बघू.

फेब्रुवारी होता. शाळा सुटायची वेळ, म्हणजे आमच्याकडे दिवे लागलेले. दाराची घंटा दाबली की आमच्या घरात दिवा लुकलुकतो, तो लुकलुकला. गेर्मान आत आला नाही. "पाच मिनिटं खाली ये," म्हणाला, "गाडी दाखवतो, नवी घेतलीय." वेन्या अंगात कोट अडकवून गेला, टोपी विसरला. मी टोपी घेऊन खिडकीशी आले, वाजवायला नाही, वाजवून काय उपयोग, दिवा उघडझाप करून वर बघायला लावावं म्हणून. चौथा मजला. ऐकू येणारी बाई तिथे असती तर तिला चार माणसं बर्फात उभी दिसली असती, बस. मला त्यांचं सगळं बोलणं दिसत होतं. खाली खांबावर दिवा होता. वेन्या थंडीत एका हातानं बोलायचा, दुसरा खिशात, मग हात बदलायचा. तसंच बोलत होता. म्हणाला, "मी ठरवलंय." गेर्मान म्हणाला, "ठीक. तुझ्याशी भांडून मी कुठे जाऊ? माझा भाऊ आहेस तू." आणि त्यानं त्याला मिठी मारली.

मिठीत माणूस आमच्यात मुका होतो. हात दुसऱ्याच्या पाठीवर, डोळे दुसऱ्याच्या खांद्यावर. वेन्यानं तोंड गेर्मानच्या कॉलरमध्ये खुपसलं होतं. आणि त्याच्या पाठीवर, त्याच्याच पाठीवर, गेर्मानचे दोन हात मोकळे होते. मागे उभ्या असलेल्या दोघांना त्या हातांनी सांगितलं: आता.

मी दिवा उघडझाप केला. बटण तुटेपर्यंत केला. अख्ख्या अंगणात खिडकीचा उजेड जात-येत होता. गेर्मानला दिसला, त्यानं वर पाहिलं. वेन्याला दिसला नाही. त्याचे डोळे मिठीत होते.

पोलिसांनी बोलावलं तेव्हा मी धावत गेले. त्या साहेबाचं टेबल हिरव्या कापडाचं होतं, त्यानं मला खुर्ची दिली, चांगला होता, डोळ्यांखाली काळं झालेला, दमलेला माणूस. त्यानं हातवारे केले की काळजी करू नका, दुभाष्या बोलावला आहे. दार उघडलं आणि गेर्मान आत आला. बर्फ झटकलं. टोपी गुडघ्यावर ठेवून माझ्यासमोर बसला.

आमच्या भागात तेव्हा दुसरा कोण होता? ऐकणारा, बोलणारा, हातांची भाषा जाणणारा, दुपारच्या वेळी मोकळा. साहेबाची चूकही म्हणता येत नाही, आमच्यापैकी कुणीही त्याचंच नाव सुचवलं असतं. मी गप्प बसले नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं. त्याला, त्यानं काय केलं ते. त्याचे हात, त्याची मिठी, त्याचं 'आता'. तो मान डोलवत ऐकत होता, जसं डॉक्टर ऐकतात. मग साहेबाकडे वळून तोंडानं बोलला आणि मी ते ओठांवरून वाचलं: "म्हणते, काही दिसलं नाही. अंधार होता. फार प्रेम होतं बिचारीचं."

खाली अक्षरं: फार प्रेम होतं बिचारीचं.

मी उठून टेबलावर मुठी आपटल्या, ओरडले. माझा आवाज कसा आहे मला माहीत नाही. साहेब मागे सरकला. गेर्मान त्याला काहीतरी म्हणाला, धक्का बसलाय वगैरे. चहा आला. गेर्माननं माझ्या ग्लासात साखर घातली, ढवळली आणि एका हातानं मला विचारलं, "दोन चमचे ना?" बाहेर जिन्यात म्हणाला, "छान सांगितलंस रिम्मा. एकदा सांगून झालं. आता घरी म्हातारी सासू आहे, तिच्याकडे बघ." नंतर तो क्लबचा अध्यक्ष झाला. कारखाना त्यानंच परत सुरू केला. मी ज्या मशीनवर बसते ती त्यानंच आणलेली आहे. सुट्टीच्या सहलींचे पास तो वाटतो, सणाला आमच्या बायकांना डबाबंद मासे आणि शॅम्पेन देतो, आणि देताना माझा हात जरा जास्त वेळ हातात धरून ठेवतो. बोलू नये म्हणून नव्हे. नुसताच.

सिनेमा संपला. त्यातही शेवटी बर्फ आहे, माणूस हळूहळू पडतो, इन्ना म्हणते 'बाजा', आणि नायिका हिरव्या शेतातून कुठेतरी जाते, बहुधा तिला जिथे ऐकू येत नाही तिथे. दिवे लागले. माणसं मंचावर खुर्च्या आणि पाण्याचे ग्लास मांडू लागली, चर्चेसाठी.

ताया माझ्या शेजारी होती. तिच्या मांडीवर माझाही कोट होता.

"बघितलंस?" मी म्हणाले. "माझे हात कापले. काहीच ठेवलं नाही."

"हं." तिनं बियांची सालं रुमालात बांधली. मग दोन्ही कोटांखालून हात काढले आणि छातीशी अगदी लहान लहान करून बोलली, आम्ही कुजबुजतो तसं. "पण दिसलं की."

"काय दिसलं?"

"सगळं. मिठीचं सांगताना तुझे खांदे पुढे आले. मग उजवा जरा वर गेला, 'आता' म्हणालीस तेव्हा. आणि बाई, नाव घेताना तू ओठ हलवतेस. तुझा ओठ केवढा होता तिथे? सोफ्याएवढा."

"नाव कळलं?"

"गेर्मान."

"कुणाकुणाला?"

"तू वेडी आहेस का गं? अख्ख्या हॉलला."

मी मागे पाहिलं. माणसं उठत होती, पाय मोकळे करत होती, बायका लिपस्टिक लावत होत्या. अभ्र्यांच्या टेबलावरची मारुस्या माझ्याकडे बघून हसली आणि लगेच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मग तो गाड्यांच्या पाठलागाचा सीन आला."

इतका वेळ माझा राग कसा नीटनेटका होता! एका माणसावर होता, मफलरवाल्या, पाखरंवाल्या, ऐकणाऱ्या माणसावर. त्यानं माझे हात कापले, त्याला फाडून खावं, सोपं होतं. आणि आता त्या रागाला पाय फुटले. तो माझ्या अंगावरून उतरून खुर्च्यांखालून रांगा रांगा फिरायला लागला. ज्यांना खांदा पुरतो, ज्यांना चौथ्या मजल्यावरून बोटं वाचता येतात, ट्रामच्या धुरकट काचेआडून शिव्या वाचता येतात, त्यांनी माझं बोलणं वाचलं, आणि बी फोडली, आणि पाठलाग बघितला. कदाचित आजच नाही. कदाचित त्या अंगणातल्या दुसऱ्या खिडक्यांतूनही. आमच्या इमारतीत आमचीच घरं होती, कारखान्यानं दिलेली. खिडकीचा उजेड जात-येत होता तेव्हा समोर किती पडदे हलले होते? ते मी आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. ताया तिसऱ्या मजल्यावर राहते.

"तू कधीपासून..." मी सुरुवात केली, आणि तायानं मान फिरवली. आमच्यात तोंडावर दार आपटायचं तर एवढंच पुरतं. डोळे दुसरीकडे न्यायचे. समोरची बाई हवेत बोलत राहते.

पहिल्या रांगेतून कुणीतरी हात उंच करून हलवत होतं. गेर्मान. आमच्यात हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारता येतात, ऐकणाऱ्यांना त्यासाठी जवळ यावं लागतं. त्यानं डोक्यांवरून मला गाठलं.

"ए नटी! सही देशील का आता आम्हांला?"

पाचपन्नास जण वळून बघायला लागले, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"छान रडलीस. खरंच, मलाही भरून आलं. पण हात राहिले बघ. मी वादिमला म्हटलं, अरे बाबा, बहिऱ्या बाईचे हात नको का दाखवायला? तो म्हणतो, कला आहे." त्यानं खांदे उडवले. "कला म्हटल्यावर आपण काय बोलणार!"

त्यालाही कळलं होतं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्याला ते मला दिसू द्यायचंच होतं. मग तो शेजारच्याशी दुसरंच काही बोलू लागला.

मला मंचावर बोलावलं. वादिम अर्कादिचनं हात धरून चढवलं, नटीनं गालाला गाल लावला, तिच्या अंगाला महाग सुगंध होता. इन्ना आमच्या मधोमध उभी राहिली. कुणा वर्तमानपत्राच्या बाईनं काही विचारलं, वादिम अर्कादिच बराच वेळ बोलला, इन्ना बराच वेळ सांगत राहिली, एकटेपणा, जग, भिंत. मग म्हणाला, आता रिम्मा सेर्गेयेव्ना दोन शब्द बोलतील.

मी त्याच्याकडे वळले. "माझे हात का नाहीत?"

इन्नानं ते तोंडानं सांगितलं. तो किती गोड हसला! माझ्याकडे सरकला, जणू मी फुलं आणली आहेत.

"तुमचे डोळे," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांत सगळं होतं. हात दाखवले असते तर लोक हातांकडेच बघत बसले असते."

मी ते पुन्हा सांगायला लावलं. इन्नानं पुन्हा सांगितलं. लोक हातांकडेच बघत बसले असते.

म्हणजे गेर्मानला काही करावंच लागलं नव्हतं. त्यानं फोन केला नाही, धमकी दिली नाही, कुणाला पाकीट दिलं नाही. या माणसाला माझे डोळे आवडले. एवढंच. माझ्या मनात मघापासून त्याचा जो कट तयार झाला होता तो रिकामा निघाला. आत फक्त एका सभ्य माणसाची आवड होती.

"मी तिथे काय म्हणाले ते तुम्हांला माहीत आहे?" मी विचारलं.

"जे होतं ते खरं होतं. मला ते जाणवलं."

"मग आता सांगते."

मी हॉलकडे तोंड केलं आणि मोठे हात केले, शेवटच्या रांगेसाठी, उभ्या असलेल्यांसाठी. अंगण. खांब. चार माणसं. माझा वेन्या, एक हात खिशात. इन्नाचं तोंड सुरू झालं आणि अडलं. तिचे वडील कारखान्याच्या गेटवर असतात. ती माझ्या हातांकडे बघत होती, भीतीनं तिच्या मानेवर लाल डाग उठले होते, आणि तिच्यासमोर मायक्रोफोन होता आणि वर्तमानपत्राची बाई पेन धरून वाट बघत होती. मग तिचे ओठ हलले. मला ओठ वाचता येतात, हे तिलाही माहीत आहे. तिनं म्हटलं: "त्या सगळ्यांचे आभार मानताहेत."

मी थांबले नाही. मिठी. पाठ. पाठीवरचे हात.

तेव्हा पहिल्या रांगेतून दोन हात वर गेले आणि मनगटांतून हलायला लागले. आमच्या टाळ्या अशाच असतात, डोक्यावर, दिसणाऱ्या. गेर्मान उभा राहिला, हसत, दोन्ही हात झाडाच्या पानांसारखे हलवत. टाळ्या झाल्या की बोलणाऱ्यानं थांबायचं असतं. त्याच्या शेजारच्यांनी हात वर केले. मग दुसऱ्या रांगेनं. मग मागे, आणखी मागे, भिंतीशी उभे असलेल्यांनी, कोट सावरत, एक हात, दोन हात. मारुस्यानं केले. तायानं केले. सगळा हॉल हातांनी भरून गेला, आणि वादिम अर्कादिच कृतार्थ होऊन ते बघत होता, बहुधा त्याला पाखरं दिसत होती.

एवढ्या हातांमध्ये माझे दोन कुणाला दिसणार? मी 'आता' म्हणाले ते पुढच्या रांगांपलीकडे गेलं नाही. पुन्हा म्हणाले. हात आणखी उंच झाले. माझ्या घशात काहीतरी फुटत होतं, बहुधा मी ओरडत होते, नटी मागे सरकली. मग मी एक हात खाली घेतला. दुसऱ्याची चार बोटं मिटली. आमच्यात माणूस समोर बसलेला असला की त्याचं नाव घ्यावं लागत नाही, त्याच्याकडे बोट करायचं, झालं. त्यात उद्धटपणा नाही. ऐकणाऱ्यांना मात्र लहानपणी त्यासाठी मार बसलेला असतो, म्हणून बोट दिसलं की ते नजर चुकवत नाहीत, बघतातच.

वादिम अर्कादिचनं बघितलं. त्याच्या टाळ्या अर्ध्यात राहिल्या. नटीनं बघितलं. वर्तमानपत्राच्या बाईनं बघितलं, दारात उभ्या असलेल्या बुफेवालीनं हात पुसता पुसता बघितलं. माझ्या बोटापासून निघून त्या सगळ्यांचे डोळे पहिल्या रांगेत जाऊन थांबले. इन्नानं तोंड उघडलं. तिच्याकडे आणखी आभार उरले नव्हते. तिनं ते मिटलं.

गेर्मान हात हलवतच होता. मग त्यानं, मागच्या कुणाकडे तरी बोट चाललं आहे असं समजून बघावं तसं, मान वळवून मागे पाहिलं.

मागे सगळ्यांचे हात वर होते. खाली कुणी घेत नव्हतं. जो आधी घेईल तो दिसेल. दंड थरथरायला लागले होते, म्हाताऱ्यांचे कोपर वाकत होते, टाळ्या चालूच होत्या. पण त्या हातांखालून एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते.

तो तसाच वळलेला राहिला, हात हवेत धरून. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी बोट खाली घेतलं नाही.